एकशे सतराची नाळ

सप्टेंबर लागला की रुदिनातल्या प्रत्येक बाल्कनीत लाल मिरच्या भाजायला लागतात. नेवेनाही त्यातच गुंतली होती, म्हणून फोन वाजलेला तिला पहिल्यांदा ऐकूच आला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं हात पुसले आणि उचलला. राजधानीतून, सोफियाहून कुणी डॉक्टर तेओदोरा बोलत होती. आवाज कोवळा, बोलणं मात्र फार अदबीचं. तिच्या संशोधन संस्थेचं तळघर रिकामं करताना एका कपाटात त्यांना काचेच्या बाटल्या सापडल्या होत्या. दोनशे बारा. प्रत्येकीत चिमूटभर करडी भुकटी आणि वर नुसता नंबर. तपासणीच्या निकालांची फाईल सापडली, पण नावांची यादी कुठंच नव्हती. गावात जुनी सिस्टर अजून आहे, तिच्याकडे वही असेल, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"आहे," नेवेना म्हणाली.

"मग एकशे सतरा कोण, ते सांगाल का? सगळ्यात जास्त शिसं त्याच्यात निघालंय. इतका मोठा आकडा मी कधी पाहिला नाही. आता एकतीस-बत्तीसचा असेल तो, हयात असेल तर."

वही उघडायची गरजच नव्हती. एकशे सतरा त्या वेळी खाली अंगणात बाकावर बसून आपल्या पावातलं सॉसेज मांजराला भरवत होता. वही शोधावी लागेल, मग कळवते, असं सांगून नेवेनानं फोन ठेवला. परत येईपर्यंत चार मिरच्या करपून कोळसा झाल्या होत्या.

नेवेनाला गावात कुणी सिस्टर म्हणत नसे, तराजूवाली म्हणत. खांद्याला तराजू, पिशवीत टेप आणि जाडजूड वही घेऊन ती वीस वर्षं घरोघर हिंडली होती. रुदिना हे शिसं आणि जस्त गाळणाऱ्या कारखान्याचं गाव. तिथं जन्मणारं प्रत्येक मूल आईच्या पोटात असल्यापासून वीस वर्षांचं होईपर्यंत मोजायचं, असं सोफियाच्या संस्थेनं ठरवलं होतं. वजन, उंची, डोक्याचा घेर, आईचं दूध, पोराचं रक्त, पुढं शाळेतले मार्क, सगळं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे शास्त्राला सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी पाळण्यापर्यंत जाणारं कुणीतरी हवं होतं. साहेब लोक सोफियात बसून उंटावरून शेळ्या हाकत. शेळ्यांच्या मागं धावायची ती नेवेना.

सगळ्यात अवघड काम होतं नाळेचं. बाळाच्या बेंबीची वाळलेली नाळ गळून पडली की ती कुठं टाकायची, यावर त्या गावात जेवढा खल होई तेवढा लग्न जमवतानाही होत नसे. जिथं नाळ पडते तिथंच माणूस पुढं पोचतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दवाखान्याच्या आवारात टाकली तर डॉक्टर, बँकेच्या पायरीशी टाकली तर कारकून, आणि घरातच राहिली तर पोरगं जन्मभर आईच्या मागं मागं. आणि संस्थेला नेमकी तीच नाळ हवी होती, कारण आईकडून पोराकडं काय काय गेलं ते तिच्यात साठून राहतं. कुठली आई देणार? पहिल्या महिन्यात नेवेनाला दोन नाळा मिळाल्या, त्याही एकाच घरातल्या जुळ्यांच्या. आजीनं त्या चुकून केरात टाकल्या होत्या.

मग एका घरी सुपारीएवढी पुरचुंडी मुठीत घट्ट धरून बसलेल्या बाईला ती सहज बोलून गेली, "दे माझ्याकडं. मी दर महिन्याला सोफियाला जातेच. विद्यापीठाच्या अंगणात टाकीन." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं होतं. बाईनं मूठ उघडली. आठवड्यात ही गोष्ट गावभर झाली आणि बाया आपण होऊन दारात थांबायला लागल्या. गावात गवंड्याची पोरं, भट्टीवाल्यांची पोरं, आणि सगळ्यांच्या नाळा विद्यापीठात! दोनशे चौदापैकी दोनशे बारा मिळाल्या. संस्थेच्या प्रोफेसर हाजिएव्हनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं, ते नाकारून उपयोग नाही.

कालिना नेवेनाच्याच इमारतीत, त्याच जिन्यात चौथ्या मजल्यावर राहायची, नेवेना दुसऱ्या. कालिनाचा नवरा स्तोइल भट्टीवर होता. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये यावोर जन्मला. अकराव्या दिवशी त्याची नाळ पडली तेव्हा हाताशी स्वच्छ फडकं नव्हतं, म्हणून कालिनानं स्तोइलच्या कारखान्यात घालायच्या जुन्या निळ्या डांगरीचा तुकडा कापून त्यात ती गुंडाळली आणि धावत दोन मजले खाली आली. नेवेनानं ती घेतली, वहीत एकशे सतरा लिहिलं आणि बाळावर तीनदा खोटं खोटं थुंकून म्हणाली, काय गं हे कुरूप पोर. दृष्ट लागू नये म्हणून तिथं असंच म्हणतात. कालिना खूष होऊन वर गेली.

पुढच्या वर्षीच्या शरदात निकाल आले. प्रोफेसरांनी नेवेनाला सोफियाला बोलावलं, दार लावलं आणि आकडे दाखवले. मग सांगितलं की कारखाना सरकारचा आहे, त्यातून निघणारं शिसंही सरकारचंच, आणि हे आकडे या खोलीबाहेर गेले तर तुझं-माझं दोघांचं अवघड होईल. एक कागद पुढं केला. नेवेनानं सही केली. पेन चांगलं चालत होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कालिनाला पुन्हा दिवस गेले. एकदा नेवेना तिचा रक्तदाब बघायला गेली, तर पोटुशी कालिना न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून टबात स्तोइलच्या डांगऱ्या घोळत होती. पाणी शिशाच्या रंगाचं झालं होतं. त्यातच हात, त्यातच पोराचे लंगोट.

"हे कपडे कारखान्यातच धुवायला टाकावेत गं," नेवेना म्हणाली.

"तिथं धुतात कुठं, बदलतात! मागल्या वेळी कुण्या ढेरपोट्याची विजार आली. स्तोइल आत दोनदा मावला असता."

दोघी हसल्या. नेवेना तेवढंच बोलली, त्याहून जास्त कधीच नाही. कारखाना भट्टीवाल्यांना रोज दह्याची एक बरणी फुकट देई, विषावर उतारा म्हणून. स्तोइल ती न खाता पोरासाठी घरी आणी. उतारा मिळतोय म्हणजे विष आहेच, हे गावात कुणाच्या डोक्यात आलं नाही. नेवेनाच्या आलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकार पडलं. ज्याला त्याला तोंड फुटलं. पंचवीस वर्षं मुकाट बसलेले म्हातारे चौकात भाषणं ठोकायला लागले. त्या कागदाला आता कवडीची किंमत नव्हती. तरी नेवेना बोलली नाही. आता सांगून काय, होऊन गेलं ते गेलं, असं ती स्वतःला समजावत असे. पण खरं कारण त्याहून हलकं होतं. कुठल्याही दारात ती उभी राहिली की आधी खुर्ची पुढं येई, मग कॉफी, मग चीजची गरम बनित्सा, आणि पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं जाई. ती दारं तिला बंद करून घ्यायची नव्हती. नव्वदच्या मार्चमध्ये कालिनाला इस्क्रा झाली. नंबर एकशे त्र्याण्णव. तिचीही नाळ नेवेनानं घेतली.

यावोर चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. पहिलीत दोनदा बसला. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,' असं मास्तरीण कालिनाच्या तोंडावर म्हणाली. कालिना तिच्या अंगावर धावून गेली, मग घरी येऊन रडली. पोर गोड होतं, माया लावणारं. एका वेळी एक गोष्ट सांगितली तर नीट करी. दोन सांगितल्या की त्यातली एक गळे, आणि कुठली गळेल ते देवालाही सांगता आलं नसतं. मोठा झाला, दाढी आली, स्तोइल वारला, कारखाना बंद पडला, आणि यावोर बाकावर बसून राहिला. जिन्यातले लोक म्हणत, याची नाळ विद्यापीठात टाकली खरी, पण ती कँटीनमध्ये पडली असणार. यावोरही त्यावर हसायचा. कालिना हसायची नाही. तिचा दोष कशात होता ते तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. डांगरीच्या तुकड्यात नाळ बांधली, म्हणून ती कारखान्याकडंच ओढली गेली. विद्यापीठानं घेतलीच नाही. पांढरं फडकं शोधायला किती वेळ लागला असता, असं ती नेवेनाला वर्षातून एकदा तरी विचारी. नेवेना म्हणे, असं काही नसतं गं. तेवढं एक वाक्य ती खरं बोलत होती.

दोन दिवसांनी नेवेनानंच सोफियाला फोन लावला. तिनं विचारलं, या पोरांना आता सांगणार का? तेओदोरा म्हणाली, अर्थातच, आता तो कायदाच आहे. आधी समितीची मंजुरी, मग पत्रं, मग समुपदेशन, वसंतापर्यंत सगळं होईल. नेवेनानं भीत भीत आणखी एक विचारलं. त्यातली एखादी मुलगी आज गरोदर असेल तर?

मग तेओदोरानं सांगितलं की शिसं हाडात जाऊन बसतं, तीस-तीस वर्षं बसून राहतं. बाई गरोदर झाली की बाळाला हाडं हवी असतात, आणि आईची हाडं आपल्यातलं कॅल्शियम काढून द्यायला लागतात. त्याबरोबर शिसंही निघतं. "कुणी आहे का तशी?" तिनं विचारलं. "असेल तर थांबू नका. आजच रक्त तपासायला सांगा."

इस्क्राला सातवा महिना लागला होता. नवरा जर्मनीत ट्रक चालवत होता म्हणून ती बाळंतपणाला आईकडं आली होती.

नेवेना मिरच्यांची बरणी घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. रिकाम्या हातानं जायचं तिला सुचलंच नाही. कालिनानं खुर्ची पुढं केली, कॉफी ठेवली. यावोरनं नेवेनाच्या गालाचा मुका घेतला आणि आता मी तुला उचलतो म्हणून धमकी दिली. कालिनानं त्याला पाव आणायला खाली पाठवलं. दार लागल्याबरोबर नेवेना बोलायला लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. नाळ, बाटल्या, आकडे, सही, धूळ, हाडं, सगळं एका दमात. बोलताना तिची नजर कॉफीच्या कपावर होती.

इस्क्राचा हात आपसूक पोटावर गेला. कालिना मात्र शांत होती. हिशेब जुळेना की माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजतं, तसं तिनं एकेक विचारायला सुरुवात केली.

"धूळ डांगरीवरून आली?"

"बरीचशी. हवेतूनही. भाजीतूनही."

"डांगरी मी धुवायचे."

"हो."

"म्हणजे डांगरीच ती." कालिना इस्क्राकडं वळली. "मी म्हणत नव्हते? सगळे मला येडी म्हणायचे. डांगरीनंच केलं."

नेवेनाला वाटलं होतं, खरं कळल्यावर निदान या बाईच्या छातीवरचा एक दगड तरी उतरेल. तो उतरला नाही, उलट सरकारी शिक्का मारून पक्का झाला. ती घाईघाईनं म्हणाली की तुझा यात काही दोष नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ते बरोबर आहे," कालिना म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला कधी कळलं?"

"अठ्ठ्याऐंशीत."

कालिनानं इस्क्राकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. "ही नव्वदची," ती म्हणाली.

खालून कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"आणि नाळ?" कालिनानं विचारलं.

"दळली. भुकटी करून तपासतात."

"दोन्ही?"

"सगळ्याच. बाटल्यांत आहेत. यावोरची एकशे सतरा नंबरच्या."

"नंबर होता त्याला?" कालिना म्हणाली. मग ती सांगायला लागली. नेवेनाला नव्हे, इस्क्रालाच सांगत असल्यासारखी. यावोर दहा वर्षांचा असताना ती त्याला घेऊन सोफियाला गेली होती. घरी सांगितलं होतं, डोळे दाखवायला. गेली ती थेट विद्यापीठात. नाळ सापडली तर उचलायची, डांगरीचं फडकं काढून टाकायचं आणि पांढऱ्यात बांधून परत तिथंच ठेवायची, असं तिनं ठरवलं होतं. पांढरा रुमाल इस्त्री करून नेला होता. दोघं मायलेकरं सकाळपासून झाडांखाली, कुंपणाच्या कडेनं गवत चाळत हिंडली. रखवालदारानं विचारलं, बाई, काय हरवलं? ती म्हणाली, कानातलं. भला माणूस होता, तोही अर्धा तास त्यांच्याबरोबर शोधत होता. "दहा वर्षांनी नाळ राहते होय कुठं. पण मी शोधली. आणि ती हिच्या संस्थेच्या कपाटात होती."

इस्क्रा म्हणाली, "मावशी, मी काय करायचं तेवढं सांग आणि जा."

नेवेनानं सांगितलं. रक्त कुठं तपासायचं, दूध-दही किती, गोळ्या कुठल्या, डॉक्टरला काय म्हणायचं. इस्क्रानं ते वाणसामानाच्या यादीमागं लिहून घेतलं. इतक्यात यावोर पाव घेऊन आला. पावाचं टोक नेहमीप्रमाणं वाटेतच खाल्लेलं होतं. तिघींची तोंडं बघून त्यानं विचारलं, कोण मेलं? कुणी नाही, हात धू, असं कालिना म्हणाली. मिरच्यांची बरणी दुसऱ्या दिवशी सकाळी नेवेनाच्या दाराबाहेर ठेवलेली होती, न उघडलेली.

रक्तात शिसं निघालं. फार नाही, पण असू नये तेवढं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, लक्ष ठेवलं. तरी बाळ पाच आठवडे आधी, नोव्हेंबराच्या सुरुवातीला आलं. मुलगी. वजन दोन किलोच्याही खाली. जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. हे शिशामुळंच झालं का, असं इस्क्रानं डॉक्टरना विचारलं, तर ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. आधी येणारी बाळं कशानंही येतात.

जिन्यातल्या बायकांच्या तोंडून हे नेवेनाच्या कानावर आलं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. वीस वर्षांच्या मोजणीतून ती एवढं शिकली होती की दोनशे पोरांबद्दल सांगता येतं, एका पोराबद्दल नाही. दोनशे पोरांची बुद्धी किती घसरली ते कागदावर रेघ मारून दाखवता येतं. पण यावोर, हा एक यावोर, शिसं नसतं तर कोण झाला असता? कदाचित असाच. कदाचित इंजिनिअर. ते कुठल्याच बाटलीत नाही. इतकी वर्षं ती याच गोष्टीचा आधार घेत आली होती, आता त्याच गोष्टीनं तिला झोप येईना. सिद्ध झालं असतं तर निदान कुणीतरी तिला शिक्षा केली असती.

कालिना जिन्यात भेटली तर भिंतीकडं तोंड करी. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं नेवेनाला वाटे. गावात अजून कुणाला काही कळलेलं नव्हतं. भाजीवाली तिला अजून चांगले टोमॅटो निवडून देत होती, आणि ते टोमॅटो घेताना नेवेनाला मान वर करता येत नव्हती. वसंतात पत्रं आली की दोनशे बारा दारं बंद होणार होती. तेओदोराला वही कुरियरनं पाठवायची होती. वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं ती टेबलावर ठेवली होती, आणि रोज उद्यावर ढकलत होती.

दहाव्या दिवशी बाळ घरी आलं. वरून रडण्याचा आवाज ऐकू येई, बारीक, धाप लागल्यासारखा. चाळीस दिवस बाळंतिणीच्या घरात परक्यानं पाऊल ठेवायचं नसतं. पूर्वी नेवेना परकी नव्हती. खाली बसून ती जुन्या सवयीनं दिवस मोजत राही. आज तेरावा. कमी दिवसांच्या बाळाची नाळ उशिरा पडते. आज चौदावा. आज किंवा उद्या पडेल.

पंधराव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. यावोर होता. त्यानं केस पाण्यानं चापून बसवले होते, जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. तळहातावर पांढऱ्या रुमालाची छोटीशी पुरचुंडी. रुमालाला इस्त्री होती.

"नाळ पडली," तो म्हणाला. "आईनं मला दिली. म्हणाली, तू मामा आहेस, तू जा."

"कुठं जा म्हणाली?"

यावोरनं कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचं असलं की तो असाच करी. "तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे चर्चच्या अंगणात... की दवाखान्याच्या... आणि दुसरी म्हणजे नेवेना." त्याचा चेहरा उजळला. "नेवेना मला पक्कं आठवतंय. तीनदा म्हणाली. नेवेना, नेवेना, नेवेना."

कालिना काय म्हणाली असेल ते नेवेनाला शब्दन् शब्द कळलं. कुठंही टाक, पण नेवेनाकडं नको. नेवेनाकडं जाऊ नकोस. नेवेनाला दाखवूही नकोस. त्यातलं 'नको' तेवढं जिन्यात गळालं होतं.

"घे ना," यावोर म्हणाला. "माझी टाकलीस तिथंच टाक. आई म्हणते, चांगली जागा आहे. मी गेलोय तिथं लहानपणी. मोठी मोठी झाडं आहेत."

त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. कोण सांगणार, आणि कोणत्या शब्दांत? नेवेनानं पुरचुंडी घेतली. तिला काही वजन नव्हतं. तिच्या हातून अशा दोनशे बारा गेल्या होत्या, आणि एकदाही तिचा हात असा जड झाला नव्हता. सांगायची एक संधी पुन्हा तिच्यासमोर जाकिटाची बटणं लावून उभी होती. ती म्हणाली, "चल, वर जाऊ."

दोन मजले चढायला तिला वेळ लागला. यावोर प्रत्येक वळणावर थांबून तिचा दंड धरत होता. चौथ्या मजल्यावर त्यानंच दार वाजवलं, हळू, एका बोटानं, शिकवल्यासारखं. कालिनानं दार उघडलं. तिनं आधी मुलाकडं बघितलं, मग नेवेनाच्या हातातल्या पुरचुंडीकडं, मग परत मुलाकडं.

"मी तुला काय सांगितलं होतं?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"नेवेनाकडं," यावोर म्हणाला. त्याला शाबासकी हवी होती.

"हो," कालिना म्हणाली. "नेवेनाकडं. जा आत, बूट काढ." तो आत गेला. बूट काढताना काहीतरी पडलं, तो स्वतःशीच हसला.

नेवेनानं पुरचुंडी पुढं केली. कालिनानं ती घेतली, उलटसुलट करून रुमालाची गाठ बघितली, गाठ तशीच होती. मग तिनं दोन महिन्यांत पहिल्यांदा नेवेनाच्या डोळ्यांत बघितलं.

"तुझी वही आहे अजून?"

"आहे."

"मग लिही तिच्यात," कालिना म्हणाली. "एकशे सतरा. वय एकतीस. एक वाक्य सांगितलं होतं, दोन मजले टिकलं नाही. तारीखही घाल."

तिनं दार लावलं. आपटलं नाही. आत बाळ झोपलं होतं.